एक अंजना

माझ्या चक्कीवर घड्याळ नाही. दळण व्हायला किती वेळ लागेल असं कोणी विचारलं, तर मी "बसा" एवढंच सांगते. पण काही वर्षांपासून आमच्या गावात वेळ मोजायचं एक नवं माप आलंय. ते निघालं माझ्याच चक्कीवर, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. मापाचं नाव अंजना. लाइन, म्हणजे वीज, आली आणि गेली, की लाइन एक अंजना राहिली. बाजारातून आणलेल्या चपलेचा तळ उखडला, की चप्पल एक अंजना चालली. मोबाइलचा रिचार्ज, डॉक्टरची गावातली फेरी, नव्या नवरीची लाज, सगळं अंजनात मोजतात. अर्धी अंजना म्हणजे आला नाही तोच गेला. दोन अंजना म्हणजे बऱ्यापैकी टिकलं.

बाहेरगावच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. मला येत नाही, कारण अंजना माझ्या घरामागे राहते.

अंजनाबाई दुधे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या बायांची टोळी तिच्या हाताखाली चालते. सावली गावापासून वैनगंगा नदीपर्यंत कोणाच्याही बांधीत ती टोळी गेली, तर मालकाला बांधावर उभं राहावं लागत नाही. कोणाची ओळ वाकडी गेली तर अंजनाबाई ओरडत नाही, नुसती त्या बाईकडे बघते. बाई मुकाट्याने पऱ्ह्यांची रोपं उपटून पुन्हा लावते. बोलायची तिला सवयच कमी. तिचा नवरा रामाजी तिच्याहूनही कमी बोलतो. त्या घरात जे काही बोलायचं ते मांजर बोलतं आणि त्यांची पोरगी दिव्यानी.

अशी बाई ग्रामपंचायतीत कशी गेली? वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव होती आणि उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. निवडून आली, मग उपसरपंच झाली. आमच्याकडे उपसरपंच म्हणजे सह्या करायला आणि झेंड्याच्या दिवशी पोरांना साखर वाटायला लागणारा माणूस. सरपंच होता हेमराज. तेवढ्यात हेमराजभाऊच्या गोठ्याची भिंत सरकारी जागेत गेली अशी तक्रार झाली. गावातल्या अर्ध्या भिंती सरकारी जागेत आहेत, पण तक्रार त्याच्या भिंतीची झाली. साहेबांनी त्याला अपात्र ठरवलं आणि सरपंचकीचा चार्ज अंजनाबाईकडे आला.

मी बघायला गेले होते. एसटी स्टँडवर आपण दुसऱ्याच्या सामानाजवळ बसतो ना, तशी ती त्या खुर्चीच्या काठावर बसली होती. पण कामाला लागली. आमच्या मोहल्ल्यातला हातपंप कधीपासून बंद होता. तिने मेकॅनिक बोलावला, त्याने पाइप उपसून बाहेर काढले आणि सामान आणायला म्हणून गेला. प्रवीण पेंटरने पंचायतीच्या भिंतीवर तिचं नाव लिहायला घेतलं. आणि तेवढ्यात हेमराजभाऊ नागपूरहून स्थगितीचा कागद घेऊन आला. पंधरा दिवसांच्या वर आणि महिन्याच्या आत एवढंच तिचं राज्य चाललं. नक्की किती, यावर गावात अजून वाद आहे, त्यामुळे माप थोडं ढिलंच आहे.

हेमराजभाऊ दारात आला तेव्हा कोणी तिला ऊठ म्हटलं नाही. त्याच्या हातातला कागद बघून ती स्वतःच उठली, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा भाऊ." मग घरी आली आणि ढोरांना वैरण टाकली. भिंतीवरचं नाव प्रवीणने रॉकेलच्या बोळ्याने पुसलं. हातपंपाचे पाइप पावसाळाभर रस्त्यात पडून होते.

त्याच आठवड्यात माझ्या चक्कीवर गर्दी होती. लाइन आली, मी पट्टा चढवला, पायलीभर दळलं नाही तोच लाइन गेली. कोणीतरी बाहेरून विचारलं, "किती वेळ राह्यली गा लाइन?" लच्छू तिथे बसला होता. हा लच्छू दळण नसतानाही चक्कीवर बसतो, कारण घरी त्याची बायको त्याचं ऐकत नाही आणि इथे सगळे ऐकतात. तो म्हणाला, "एक अंजना."

लोक असे हसले की एका बाईच्या हातातलं टोपलं पडलं. मी लच्छूला म्हटलं, दळण नाही तर ऊठ इथून. तो उठला, पण शब्द बसला.

खरं सांगायचं तर राग मला त्या शब्दापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा आला. हेमराजभाऊचा काका मागे सरपंच होता, तोही मधेच पडला होता. त्याच्या नावाचं माप कोणी केलं नाही. मोठ्या घरचा माणूस पडला की राजकारण झालं म्हणतात. आमच्या मोहल्ल्यातली, रोवणीला जाणारी बाई पडली की हसण्यावारी नेतात. हे मी तोंडावर बोलते, म्हणून माझी चक्की चालते पण माझ्याकडे चहाला कोणी थांबत नाही.

अंजनाबाईला मी विचारलं होतं, "तुले राग नाई येत काऊन व?"

ती हसली. "कायचा राग? माह्या नावानं लोकायले टाइम तं समजते. तुह्या नावानं काय समजते?"

मला वाटलं, हिला खरंच लागलेलं नाही. मग मीही तो विषय सोडला.

गावातली गोष्ट गावातच राहिली असती, पण आमच्याकडे मंडई असते. धान निघालं, दिवाळी झाली, की आमच्या झाडीपट्टीतल्या एकेका गावाची मंडई सुरू होते. लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे येतात, दिवसा बाजार भरतो आणि रात्री नाटक लागतं. त्या नाटकवाल्यांची एक रीत आहे. कंपनीतला विनोदी नट दुपारीच गावात येतो, हॉटेलात बसतो, पोरांना चहा पाजतो आणि विचारतो, गावात नवीन काय? पोरं सांगतात ते रात्री त्याच्या तोंडून स्टेजवर येतं आणि गाव खूश होतं. आमच्या पोरांनी त्याला अंजना दिली. रात्री तो स्टेजवरच्या बायकोला म्हणाला, "तुहं प्रेम एक अंजना, अन् तुह्या मायचा मुक्काम दहा अंजना!" मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. अंजनाबाई पुढे बायांत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि तीही हसली.

नटाला टाळ्या मिळाल्या की तो वाक्य सोडत नाही. त्या हिवाळ्यात ती कंपनी कुठे कुठे गेली असेल, शब्द तिथे तिथे गेला. गोंडपिपरीकडे तर लोकांना वाटायचं, अंजना म्हणजे बॅटरीची एखादी कंपनी असेल.

आणि दिव्यानीला दिली ती गोंडपिपरीकडेच.

पोरगा विक्की, पिकअप गाडी चालवतो. दिसायला चांगला, बोलायला गोड. लग्न आमच्या विहारात लागलं, जेवण बरं झालं, रामाजी त्या दिवशी दोन वाक्यं जास्त बोलला. पत्रिकेवर आईचं नाव होतं, पण नावावरून कोण कशाला जोडतो? दिव्यानी नांदायला गेली तर तिच्या सासरच्या घरात तो शब्द आधीच येऊन बसला होता. जेवताना सासरा म्हणायचा, या लाइटाचं काही खरं नाही, एक अंजना राहते. सासू म्हणायची, हा कुकर एक अंजना चालला. दिव्यानी वाढत राहायची. ते माझ्या आईचं नाव आहे, हे तिने सांगितलं नाही. नव्या नवरीने कोणत्या तोंडाने सांगावं?

पण पुढच्या दिवाळीनंतर त्यांच्या गावाची मंडई झाली आणि तीच कंपनी आली. नटाने या वेळी शब्द आणखी रंगवला. सावलीकडची अंजना, उपसरपंचाची सरपंच झाली, खुर्ची गरम व्हायच्या आत उतरली, असं सगळं सांगितलं. शेजारी बसलेल्या विक्कीने मान वळवून दिव्यानीकडे बघितलं. हे तिनेच मला सांगितलं. ती म्हणाली, आधी तो हसला, आणि ते हसणं बघूनच तिला भीती वाटली.

विक्कीचा हात त्याआधीही उठायचा. मारणाऱ्याला कारण लागत नाही, पण आयतं मिळालं तर तो सोडत नाही. आता ती मी घरी जाते म्हणाली, की तो म्हणायचा, "जा ना. मायनं एक अंजना राज केलं, तू एक अंजना संसार कर. गाव टाळ्या वाजवंल."

हे सगळं त्या वर्षीच्या आमच्या मंडईपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. मंडईला दिव्यानी एकटीच आली, विक्की मागाहून घ्यायला येणार होता. दुसऱ्या दिवशी तांदूळ घेऊन ती माझ्या चक्कीवर आली, अंजनाबाई मागे होती. पोरगी उजव्या हाताने डबा उचलत होती, डावा हात पोटाशी. ऊन असूनही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. मी म्हटलं, "हाताले काय झालं व?"

"पडली, मावशी. बोडीवर घसरली."

बोडीवर, तळ्याच्या काठी घसरणारी पोरगी मी ओळखते, तिचे गुडघे फुटतात. मी चक्की बंद केली, तिला आत नेलं आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जे होतं ते मला लिहायचं नाही. बाहेर लोक ओरडत होते, रीताबाई, लाइन असून काऊन बंद? मी त्यांना काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही.

अंजनाबाई दारात उभी होती. तिने तो हात बघितला. रोवणीत वाकड्या ओळीकडे बघते तशी बघत राहिली, आणि म्हणाली, "आता नाई जायचं तिथी."

दिव्यानी म्हणाली, "जा लागंल माय. मी इथी राह्यली तं लोक काय म्हणतील, तुले मालूम नाई का? माय एक अंजना, पोट्टी अर्धी अंजना. तुले कितीक हसतील? एकदा हसले ते तू हसून घेतलं. मी ते पाह्यलं हाय. रात्री तू चुलीपाशी बसून रडत होती, तेही पाह्यलं हाय."

मला तेव्हा कळलं, की बाईला लागलं होतं. शेजारी राहून मला कळलं नाही आणि घरातल्या पोरीला कळलं. पोरगी तिथे मार खात होती तो आपल्या संसारासाठी नाही, आईला पुन्हा कोणी हसू नये म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पिठाच्या हाताने पुसलं आणि तोंड पांढरं झालं.

मी म्हटलं, आत्ताच सावलीला चला, ठाण्यात. रामाजी घाबरला. आधी बैठक घेऊ, म्हणाला, चार माणसांत बोलू, मग बघू. मला त्याचा राग आला, पण बाप तो होता.

चार दिवसांनी विक्की आला. सोबत त्याचा मामा आणि गावातले दोघे-तिघे. मामाने पांढरा शर्ट घातला होता आणि तो सगळ्यांना हात जोडत होता. अशा माणसापासून मी दूर राहते. विहाराच्या पटांगणात बसायला दरी, म्हणजे सतरंजी, टाकली. आमच्याकडून मोहल्ल्यातले वडीलधारे, सरपंच म्हणून हेमराजभाऊ, आणि लच्छू, कारण लच्छूशिवाय गावात बैठक होत नाही. बाया एका बाजूला. दिव्यानी आईला चिकटून बसली होती, आणि तिची बॅग भरून तिच्याजवळ ठेवलेली होती. ती तिने स्वतः भरली होती.

मामा गोड बोलला. पोरगा तापट आहे, समजवू. धंद्याचं टेन्शन असतं. भांड्याला भांडं लागतंच. विक्की खाली मान घालून बसला होता, हातातल्या गाडीच्या चावीशी खेळत. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्याला दोन शब्द सुनावले. मग नेहमी होतं तेच व्हायला लागलं. एवढ्या वेळी पाठवून द्या. आता नाही होणार तसं. लग्न मोडायला किती वेळ लागतो, जोडायला जन्म लागतो. रामाजी दरीचा धागा ओढत होता. मी मधे बोलले तर एका म्हाताऱ्याने मला गप्प केलं, घरचे माणसं बोलतील म्हणाला.

मग त्याने दिव्यानीला विचारलं, "पोरी, तुही काय मर्जी?"

ती उभी राहिली. बॅगेचा बंद हातात घेतला. म्हणाली, "जातो मी."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मला ते स्पष्ट दिसलं, खांदे खाली आले सगळ्यांचे. मामा म्हणाला, "पाहा, समजदार हाय आमची सून. आता थोडे दिवस पाहून घ्या तुमी. नाई जमलं तं आमी स्वतः आणून सोडू."

आमच्यातल्या एकाने विचारलं, "थोडे म्हणजे कितीक?"

आणि लच्छू म्हणाला, "एक अंजना!"

त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी मान्य करते. त्याच्या तोंडात तो शब्द आता आपोआप येतो, त्यात माणूस आहे हे तो विसरून गेलाय. पण लोक हसले. इतका वेळ सगळे ताणून बसले होते, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. पाहुणे हसले, आमचे हसले, हेमराजभाऊने मिशीत हसू लपवलं. सगळ्यात मोठ्याने विक्की हसला. मान वर करून, दिव्यानीकडे बघत.

दिव्यानी त्याच्याकडे एक पाऊल गेली. अंजनाबाईने बसल्या बसल्याच तिचा पदर धरला.

"बस," म्हणाली.

मग लच्छूकडे वळली. आवाज चढवला नाही. "लच्छूभाऊ, हसा. मीबी हसली इतके दिवस. माहं नाव तुमाले खेळाले भेटलं, खेळा. पण एक गोष्ट सांगतो. ते खुर्ची हेमराजभाऊची होती. त्यायचा कागद आला, मी उठली. कोणी ऊठ म्हटलं नाई, तरी उठली. दुसऱ्याच्या जागेवर कितीक बसाचं?"

हेमराजभाऊ खाली बघायला लागला.

"हे पोट्टी कोणाची हाय? माही हाय. नऊ महिने पोटात घेऊन मी रोवणे केले. आता तुमी म्हणता पाठव. कागद आणा. नागपूरहून आणा, मुंबईहून आणा, का हे पोट्टी अंजनाची नोहे. तवा मी उठतो इथून. तोवर मी उठत नाई, अन् हे जात नाई."

मामाने हात जोडले, "बाई, असं नका करू..."

"तुमचे हात ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या भाच्याचे हात सांभाळले असते तं जोडा नसते लागले." आणि दिव्यानीला म्हणाली, "दाखव."

मला वाटलं पोरगी दाखवणार नाही. बापासमोर, गावासमोर. पण तिने बॅग खाली ठेवली आणि बाही वर केली. सावकाश केली, कारण अजून दुखत होतं. पाहुण्यांसोबत आलेला एक म्हातारा पुढे वाकून बघायला लागला, मग मागे सरकला आणि विक्कीपासून थोडा दूर बसला. रामाजी उठला. मी त्याला लग्नातही इतकं ताठ उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तो विक्कीला म्हणाला, "चल. गाडी काढ."

विक्की काहीतरी बोलणार होता. इकडेतिकडे बघितलं, पण आता त्याच्यासोबत हसायला कोणी नव्हतं. मामा शर्ट झटकत उठला. गाडी सुरू झाली आणि मोहल्ल्याच्या वळणावरून गेली. वडीलधारे चपला शोधायला लागले. लच्छू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "रीताबाई, माह्या मनात तसं नवतं." मी म्हटलं, मले नको सांगू. तो अंजनाबाईकडे गेला नाही, सरळ घरी गेला.

शब्द गेला असं समजू नका. परवाच सावलीच्या बाजारात एक पोरगा घड्याळवाल्याला म्हणत होता, सेल एक अंजना चालले. विक्कीची केस लागली आहे, तारखा पडतात. दिव्यानीचा हात थंडीत दुखतो. हे सगळं आहेच.

पण त्या दिवशीचं सांगत होते. पटांगण रिकामं झालं, दरी गुंडाळायला पोरं आली, तरी अंजनाबाई जागची हलली नाही. पोरांनी दरीचं दुसरं टोक गुंडाळत आणलं आणि तिच्याजवळ येऊन थांबली. दिव्यानी वाकून म्हणाली, "माय, गेले ते लोक. ऊठ आता."

"थांब व," अंजनाबाई म्हणाली. "उठाले पायच नाई राह्यले मले. लगित भेव लागलं होतं."

दिव्यानीने तिच्या एका काखेत हात घातला, चांगला हात. दुसऱ्या बाजूने मी. आम्ही दोघींनी मिळून तिला उभं केलं.